नकाशांची शांत खोली

तुमचा विषय नेमका कुठला, हा प्रश्न मला गेल्या काही वर्षांत इतक्या वेळा विचारला गेलाय, की आता कुणी साधं 'बाई, एक विचारू का' म्हटलं तरी माझ्या कपाळावर आठी चढते. इतिहासवाले म्हणतात, हे विज्ञान आहे. विज्ञानवाले म्हणतात, हे शिक्षणशास्त्र आहे. शिक्षणशास्त्रवाले चष्मा वर सरकवून म्हणतात, छान आहे हो, पण हा तर इतिहास झाला. अरे, मग मी काय हवेत अभ्यास करतेय का? मी भिवंडीतल्या एका शाळेत मराठी शिकवते, पाचवी ते सातवी. मला एकच गोष्ट शोधून काढायची होती. आमच्या शाळेच्या भिंतीला भिंत लावून जे लूम, म्हणजे कापडाचे यंत्रमाग, चालतात, त्यांच्या आवाजानं आमच्या मुलांच्या कानांचं आणि अभ्यासाचं काय झालं? बस, एवढंच. आमच्या शाळेच्या शिपायाला हे एका वाक्यात कळलं. विद्यापीठाला कळायला सहा वर्षं लागली, आणि त्यांना कळलं तेव्हा माझंच चुकलेलं निघालं.

आधी शाळेचं सांगते. शेलारकडे जाणाऱ्या रस्त्यावरून आत वळलं की आमची गल्ली. दोन्ही अंगांना लूमचे कारखाने आणि मध्ये आमची एकमजली शाळा. तळमजल्यावरच्या तीन वर्गांची मागची भिंत आणि कारखान्याची भिंत एकच आहे. भिंतीच्या पलीकडे खटाखट, अलीकडे मी आणि माझा फळा. मी स्वतः ह्याच शाळेत शिकले, ह्याच गल्लीत लहानाची मोठी झाले, लग्न करून गेले ती टेमघरला. म्हणजे गेले कुठे, रिक्षानं काही मिनिटांत परत शाळेत.

आमच्या शाळेत हजेरी घेताना कुणी 'हजर' म्हणत नाही. बाई नंबर पुकारतात, मूल हात वर करतं, बाई मान वर करून बघतात आणि खूण करतात. मला वाटायचं सगळीकडे असंच असतं. डी.एड.च्या सरावपाठासाठी मला पडघ्याच्या एका शाळेत पाठवलं तेव्हा पहिल्या दिवशी मी नंबर पुकारला आणि वर बघितलं, तर हात कुठेच नाही. उलट एक पोरगा जागेवरून ओरडला, 'हजर बाई!' मी म्हटलं, ओरडतोस कशाला रे, शिस्त नाही का तुला? पोरगं बिचारं रडकुंडीला आलं. तिथल्या बाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, तुम्ही कुठून आलात? भिवंडीहून म्हटल्यावर त्या हसल्या, आणि मला त्यांचा भयंकर राग आला.

तर सातवीत एक मुलगी होती. शेलार गावातली, शेतकरी घरातली. तिच्या घराच्या खालच्या गाळ्यातही लूम होते, वडिलांनी जागा भाड्यानं दिली होती. मुलगी चुणचुणीत, अक्षर सुंदर, पण शुद्धलेखन घातलं की वहीत मध्येमध्ये कोऱ्या जागा. चुकीचं लिहायची नाही, सरळ जागा सोडायची. मी म्हणायची, अगं, निदान चुकीचं तरी लिही! एकदा दहा शब्दांपैकी पाच कोरे बघून माझं डोकंच फिरलं. दुपारची वेळ होती, भिंतीमागे दोन्ही शिफ्टची माणसं बदलत होती, घामाच्या धारा लागल्या होत्या. मी वही फळ्याखाली आपटली आणि विचारलं, लक्ष कुठं असतं तुझं? ती माझ्या तोंडाकडे बघत होती. नेहमी तशीच बघायची, टक लावून.

'बाई, माझं लक्ष हाय,' ती म्हणाली.

'लक्ष आहे तर मग ह्या जागा कशाला सोडल्यास? पाहुणे येऊन बसणार आहेत का तिथं?'

वर्ग हसला. मी तिला व्हरांड्यात उभं केलं, मधली सुट्टी होईपर्यंत. असं मी तिला त्या वर्षात किती वेळा उभं केलं ते मोजलेलं नाही. दिवाळीनंतर कानाच्या डॉक्टरांचं एक मोफत शिबिर झालं, तिथं कळलं की तिला दोन्ही कानांनी नीट ऐकू येत नाही. तिची आई चिठ्ठी घेऊन शाळेत आली आणि मला म्हणाली, 'तुमास्नी सांगावं म्हटलं बाई, ती मुद्दाम न्हाय करत.' मला वर बघवेना. सातवीनंतर ती शाळेत आलीच नाही. घरी बसवली असं कळलं, मग लग्नही लवकर उरकलं.

माझं संशोधन म्हणतात ते इथून सुरू झालं. पीएच.डी.च्या प्रबंधाच्या प्रस्तावनेत मी वेगळं लिहिलंय, 'औद्योगिक परिसरातील शैक्षणिक पर्यावरण' वगैरे. ते लिहावं लागतं. खरं कारण ती मुलगी. मला जाणून घ्यायचं होतं की तिचे कान त्या भिंतीनं घालवले का, आणि भिंतीला टेकून बसलेल्या बाकीच्यांचे काय झाले. ते सिद्ध झालं असतं तर संस्थेकडे कागद टाकून सांगता आलं असतं की हे तीन वर्ग हलवा. नुसतं तोंडी मी दहादा सांगितलं होतं. संस्थेचे लोक म्हणायचे, बाई, तुम्ही शिकलात ना इथंच? तुम्हाला काय झालं? आणि मीही गप्प बसायची, कारण मला काय झालं होतं? काहीच नाही.

मार्गदर्शक म्हणून कल्याणचे एक इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक मिळाले. सज्जन माणूस. काहीही विचारलं की चहा मागवायचे आणि 'बघू' म्हणायचे. त्यांनी एक गोष्ट मात्र फार मोलाची सांगितली, शाळेची जुनी लॉगबुकं बघा. ती माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत होती, वाळवीनं अर्धी खाल्लेली. उन्हाळ्याची सुट्टी त्यातच गेली. आणि एके दिवशी सापडलं. एका जुन्या मुख्याध्यापकांनी लिहून ठेवलं होतं की शेजारी यंत्रं आल्यापासून मुलांची हाक पोचत नाही, तेव्हा यापुढे हजेरी हात वर करून घ्यायची. मी ट्रंकेशेजारी फतकल मारून बसले होते, तशीच ओरडले, सापडलं! शिपाई धावत आला, त्याला वाटलं साप निघाला. ज्याला आम्ही आमच्या शाळेची शिस्त म्हणत होतो ती शिस्त नव्हतीच, ती त्या बिचाऱ्या मुख्याध्यापकांनी पत्करलेली हार होती. त्या दिवशी मला इतका आनंद झाला, की मी सगळ्यांना पेढे वाटायचीच राहिले होते.

इथपर्यंत इतिहास झाला. पण नुसतं एवढ्यानं भागणार कसं? आवाज किती आहे ते मोजायला हवं. मग आवाज मोजायचं यंत्र आलं, मुठीत मावेल एवढं. वर्गावर्गात ते घेऊन मी फिरायची, सकाळ, दुपार, संध्याकाळ. मुलं मला 'रिमोटवाल्या बाई' म्हणायला लागली. शेजारच्या कारखान्याचे शेठ भले गृहस्थ, इथलेच पिढ्यान्‌पिढ्यांचे. मी परवानगी मागायला गेले तर खुर्ची पुसून दिली, थंड मागवलं. म्हणाले, 'बाई, तुम्ही शुक्रवारी या. जुम्मे को सब बंद रहता है, आरामात बसून मोजा.' मी मनात म्हटलं, वा रे वा! बंद लूमचा आवाज मोजून दाखवू होय? मला काय खुळी समजता? तोंडावर फक्त हसले आणि सोमवारी येते म्हटलं. शेठ म्हणाले, जैसी आपकी मर्जी. आज त्यांचं ते शुक्रवारचं वाक्य आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

आणि मग कान. मार्गदर्शकांच्या ओळखीनं कल्याणच्याच एका कानाच्या दवाखान्यातून ऐकण्याची चाचणी घेणारं छोटं मशीन मिळालं. मुलाच्या कानांवर हेडफोन लावायचा, बटण दाबलं की कानात बारीक-जाड सूर वाजतो, ऐकू आला की मुलानं हात वर करायचा. दोन दिवस तिथं जाऊन मी शिकले. शिकवणाऱ्या ताईंनी बजावलं, बाई, बाकी काही चुकलं तर चालेल, पण खोली शांत हवी.

खोलीचा प्रश्नच नव्हता. जिना चढून वर अगदी टोकाला आमची नकाशांची खोली. जुने नकाशे, पृथ्वीचा गोल, काचेची दोन कपाटं. मी खिडक्या लावून घेतल्या, फटीत जुन्या साड्या कोंबल्या, दारावर 'शांत खोली' असा कागद चिकटवला आणि बाहेर शिपायाला बसवलं. पाच मिनिटं डोळे मिटून उभी राहिले. काही नाही. गार शांतता. वर्गावर्गातला आवाज मी लिहून ठेवला होता, दिवसातून तीनदा. ह्या खोलीतला मोजला नाही. तिथं काय मोजायचं? ती तर शांत होती.

वर्षभर चाचण्या चालल्या. आमच्या मुलांच्या इथं आणि तुलनेसाठी शुक्रवारी पडघ्याच्या त्याच सरावपाठाच्या शाळेत. आलेख काढले आणि टेबलावर शेजारी शेजारी मांडले. पडघ्याच्या मुलांचे कान टकाटक, आणि आमच्या मुलांना हळू आवाज ऐकूच येत नव्हते. भिंतीजवळचे काय नि लांबचे काय, सगळ्यांचीच बोंब. मला वाईट वाटलं. आणि खोटं कशाला बोलू, आनंदही झाला. आता बघू, म्हटलं, संस्थावाले काय बोलतात!

पण संस्थेच्या आधी समिती होती. विद्यापीठाच्या समितीत तीन तज्ज्ञ, आणि तिघांनी मिळून माझा चेंडू केला. इतिहासाचे म्हणाले, लॉगबुकं उत्तम, पण हे आलेख आम्हाला कळत नाहीत, हे विज्ञान विभागाकडे पाठवा. विज्ञानाच्या बाईंनी आलेख बघितले आणि म्हणाल्या, शुद्धलेखनाचे गुण हा काही आमचा प्रांत नाही, हे शिक्षणशास्त्राकडे द्या. शिक्षणशास्त्राच्या सरांनी तर कमालच केली. त्यांनी फक्त विषयसूची वाचली. पहिलं प्रकरण लॉगबुकांचं बघितलं आणि म्हणाले, हा इतिहास आहे. बरं, प्रत्येक फेरीला अर्ज नवा, प्रती नव्या, आणि त्या अर्जात 'विषय' म्हणून एकच चौकट. एकदा मी त्या चौकटीत बारीक अक्षरात तिन्ही विषय लिहिले, तर खिडकीवरच्या कारकुनानं अर्ज परत सरकवला. 'मॅडम, एकच लिहा.' मी म्हटलं, तुम्हीच लिहा हो कुठलाही, माझी काही हरकत नाही! रांगेतले लोक हसायला लागले. मला हसू आलं नाही.

घरी नवरा म्हणायचा, सोड ना आता. त्याची गोडाउनमध्ये ड्युटी, संध्याकाळी दमून यायचा आणि मी टेबलभर कागद पसरून बसलेली. लेक कॉलेजात जाणारी, तिचं वेगळंच. 'आई, फ्रीज केव्हाचा टीं-टीं ओरडतोय, दार उघडं राहिलंय!' मी म्हणायची, मग लाव की, तुझे काय पाय मोडलेत? फ्रीज काही ओरडबिरडत नाही, ह्या पोरीला नुसतं मला उठवायचं असतं, असं मला वाटायचं. नाशिकची बहीण फोनवर म्हणायची, तुम्ही भांडताय का गं सगळी? आम्ही भांडत नसायचो. आमच्याकडे बोलणंच तसं आहे.

मुदत संपायला आली. एकदा वाढवून झाली होती, दुसरी आणि शेवटची वाढ मिळाली ती सहा महिन्यांची. त्यात नाही झालं तर नोंदणी रद्द, आणि सहा वर्षांचा कचरा. शेवटी विज्ञानाच्या त्या बाईंनाच काय वाटलं कोण जाणे, म्हणाल्या, मी एकदा जागा बघते, मग सही करते. मी हरखले. सही मिळाली की बाकीचे दोघे आपोआप करणार, असं मार्गदर्शक म्हणाले होते.

त्या मुंबईहून आल्या, भर दुपारी, घामाघूम. गल्लीत शिरतानाच त्यांनी दोन्ही कानांवर हात ठेवले. मला जरा नाटकी वाटलं. तळमजल्यावरचे वर्ग दाखवले, भिंत दाखवली. त्या भिंतीला हात लावून मान हलवत होत्या. मी खूश. मग म्हणाल्या, चाचण्या कुठं घेतल्यात?

'चला ना वर. तिथं जरा निवांत बसू.'

नकाशांच्या खोलीत आलो. मी दार लावलं, खुर्ची पुढे केली आणि म्हटलं, बसा, आता बोलता येईल. त्या बसल्या नाहीत. खोलीच्या मध्यभागी उभ्या राहिल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या.

'मशीन इथं ठेवलं होतं? ह्याच खोलीत?'

'हो, ह्याच.'

'लूम चालू असताना?'

'चालूच असतात हो. पण इथवर आवाज येत नाही.'

'अहो बाई,' त्या म्हणाल्या, 'हा काय मग?'

'कुठला?' मी विचारलं.

त्यांनी माझा हात धरला आणि कपाटाच्या काचेवर टेकवला. काच थरथरत होती. सारखी, न थांबता, खटाखट खटाखट, थेट कोपरापर्यंत. मग त्यांनी माझंच यंत्र माझ्या पिशवीतून काढलं आणि मधोमध धरलं. आकडा बघून मला घाम फुटला. आणि आता, आकडा बघितल्यावर, मला तो आवाज ऐकू आला. होताच तो. मी जन्मल्यापासून होता. श्वास चाललाय हे जसं आपण ऐकत नाही, तसा मी तो ऐकत नव्हते.

'ह्या आवाजात हळू सूर कुणालाच ऐकू येणार नाही,' त्या म्हणाल्या. 'मलाही नाही. मुलांचे कान खराब आहेत की तुमची खोली, हे ह्या आलेखांवरून सांगता येत नाही. मी सही करू शकत नाही.'

मी त्यांच्याशी भांडले. हो, भांडले. म्हटलं, तुम्ही एसीत बसून शांत खोल्या मागता, आम्ही भिवंडीत कुठून आणायची शांत खोली? त्या शांतपणे म्हणाल्या, आठवड्यात एकही दिवस बंद नसतं का? शुक्रवार! जुम्मे को सब बंद. शेठनी खुर्ची पुसून, थंड पाजून सांगितलं होतं. शाळा शुक्रवारी भरते, लूम शुक्रवारी बंद. इतकी वर्षं आम्ही शिक्षकखोलीत बसून म्हणत आलो, शुक्रवारी पोरं फार चेकाळतात बाई, फार गोंधळ घालतात. अहो, गोंधळ रोजचाच होता. शुक्रवारी तो आम्हाला ऐकू यायचा, एवढंच.

त्या गेल्यावर मी दारावरचा 'शांत खोली' कागद टराटरा फाडला. शिपाई म्हणाला, बाई, चहा आणू का? मी त्याच्यावरही खेकसले. आणि घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, 'म्हणजे सगळं परत?' त्याच्या आवाजात कीव होती. ती मला सहन झाली नाही. मी म्हटलं, सगळं नाही, नुसते कान. आणि मग मी रडले, ओट्याशी उभी राहून, कुकरच्या शिट्ट्या होत होत्या तोवर.

हिशेब मांडला. सहा महिन्यांत परीक्षा आणि सुट्ट्या वगळून शुक्रवार उरत होते अठरा. एका शुक्रवारी जेमतेम आठ मुलं. सगळी होणार नाहीत, पण भिंतीजवळच्या तीन वर्गांतली भिंतीला लागून बसणारी तेवढी होतील. मार्गदर्शकांनी चहा मागवला आणि पहिल्यांदाच 'बघू' न म्हणता 'करा' म्हणाले.

मशीन मागायला परत कल्याणला गेले. दवाखान्यात त्याच ताई होत्या. सगळं ऐकून त्यांनी जीभ चावली. 'माझीपण चूक झाली मॅडम. रोज सुरुवात करण्याआधी चाचणी घेणाऱ्यानं स्वतः हेडफोन लावून सगळे सूर ऐकून बघायचे असतात, मशीन बरोबर आहे ना म्हणून. तुम्ही बघत होतात ना?' मी म्हटलं, दिवा लागतो की बटण दाबलं की. दिवा लागला म्हणजे वाजलं. त्या म्हणाल्या, नाही हो, दिव्यावर जाऊ नका. बसा आत, आधी तुमची टेस्ट करते. चाचणी घेणाऱ्याचे कान ठीक आहेत असा एक कागदही लावू प्रबंधाला, म्हणजे त्या बाई परत नावं ठेवणार नाहीत.

कल्पना मला आवडली. ह्या वेळी एकही भोक ठेवायचं नाही, असं मी ठरवलंच होतं.

त्यांच्याकडची खोली म्हणजे जाड दाराची एक पेटीच, एका माणसापुरती. दार लागलं आणि माझे कान गच्च दाटून आले. असली शांतता मी जन्मात अनुभवली नव्हती. समोर छोटी काच, काचेपलीकडे ताई. हेडफोनमधून त्यांचा आवाज आला, 'ऐकू आलं की हात वर करा हं मॅडम.' मला हसू आलं. सबंध आयुष्य दुसऱ्यांचे हात मोजण्यात गेलं, आज माझी हजेरी.

जाड सूर आला, हात वर केला. त्याहून हळू, केला. जरा वरचा, केला. सोपं होतं. ताई मान खाली घालून लिहीत होत्या. मग थोडा वेळ काहीच नाही. मला वाटलं कान बदलताहेत. मी वाट बघत राहिले. काचेवर माझ्या श्वासाची वाफ आली ती पुसली. ताई बटणाकडे बघत होत्या, मग माझ्याकडे, मग परत बटणाकडे.

'मॅडम, लक्ष द्या हं,' त्या म्हणाल्या.

'देतेय की. लावा पुढचं.'

'लावलंय मॅडम. केव्हाचं वाजतंय.'

मी काचेतून त्यांच्या तोंडाकडे बघत होते. टक लावून. ओठ हलतात का ते बघत होते, निदान बोट दाबलेलं दिसलं असतं तर मी हात वर केला असता. घरातला फ्रीज आठवला. 'आई, केव्हाचा ओरडतोय.' ताईंनी परत बटण दाबलं असावं, कारण त्या परत वर बघून थांबल्या. आणि मग अगदी मायेनं, लहान मुलाला सांगावं तसं म्हणाल्या, 'मन जरा एकाग्र करा मॅडम, म्हणजे येईल. लक्ष कुठं आहे तुमचं?'

माझ्या अंगाचा भडका उडाला. बाईसाहेब, मी पाटीसारखी ताठ बसलेय, श्वास रोखून बसलेय, आणि तुम्ही मला—

'माझं लक्ष आहे!' मी ओरडले.

त्या बंद पेटीत माझा आवाज माझ्याच अंगावर आला. मला व्हरांडा दिसला. दुपारची वेळ, खटाखट, आणि भिंतीला टेकून उभी असलेली ती, माझ्या तोंडाकडे बघणारी. बाई, माझं लक्ष हाय. किती वेळा म्हणाली होती. मी एकदाही ऐकलं नव्हतं.

काचेपलीकडे ताईंचं बोट बटणावर होतं. माझे दोन्ही हात मांडीवर तसेच पडून राहिले.